कडू बदामाची बिस्किटं

त्रिएस्ते, १२ जानेवारी १९९८

प्रिय झाइराताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, असं धरून लिहिते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं आपल्या मावसबहिणीकडून, नोर्माकडून कळलं होतं. आता जिना चढता येत असेल. इथे आठ दिवस वारा सुटलाय, बंदराच्या रस्त्यावर माणसं खांबाखांबाला धरून चालताहेत. मी ठीक आहे. जेवते, झोपते. काल स्वयंपाकघराचे पडदे धुतले.

एर्मेस दोन डिसेंबरला गेला. नोर्माने सांगितलं असेलच. नसेल, तर हे असं कोरडं कळवल्याचा राग मानू नकोस, मला सध्या दुसऱ्या तऱ्हेने काही सांगताच येत नाही. दफनाच्या दुसऱ्या दिवशी मी चांभाराकडे गेले, टाचा बसवायला टाकलेले त्याचे बूट आणले, पॉलिश करून दारामागे ठेवले. डॉक्टरांची बायको सूप घेऊन भेटायला आली, तर मी तिच्या नव्या शेगडीची चौकशी करत बसले. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही, आणि त्याचंही काही वाटत नाही.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. नोव्हेंबरात आम्ही दोघं फेर्राराला आलो होतो. तीन दिवस होतो. तुला कळवलं नाही.

दोन वर्षांपासून त्याची आठवण जात चालली होती. आधी जहाजाच्या कारखान्यातल्या सोबत्यांची नावं गेली, मग वार, मग घरातल्या खोल्या. ते निभावत होतं. उन्हाळ्यानंतर त्याने जेवण सोडलं. काहीही वाढलं तरी दोन घास, की ताट पुढे सारायचा. एक दिवस मात्र अगदी स्वच्छ म्हणाला, "कप्पेलाच्ची कर. भोपळ्याची. घरच्यासारखी."

मी केली. भोपळा भाजून, चीज आणि जायफळ घालून, ते सारण पास्त्याच्या पोळीच्या तुकड्यांत भरून, आई करायची तशी. त्याने एक तुकडा तोंडात धरला आणि म्हणाला, "ही नव्हे." पुन्हा केली. तरी ही नव्हे. डॉक्टर म्हणाले, त्याच्या गावी नेऊन आणायचं असेल तर आत्ताच न्या, पुढे प्रवास झेपणार नाही. म्हणून निघालो.

फेर्राराला स्टेशनबाहेर धुकं होतं. घरात वाट चुकणारा माणूस तिथे माझ्यापुढे चालायला लागला. किल्ल्याजवळच्या खानावळीत नेलं. मालकाने आजीच्या हातच्या कृतीचं बरंच कौतुक सांगितलं. एर्मेसने वास घेतला आणि काटा खाली ठेवला. मालकाला लागलं. म्हणाला, "मग आजोबा, आता तुमची आजीच उठवून आणावी लागेल." दुसऱ्या दिवशी कामगार जेवतात त्या एका ठिकाणी गेलो. स्वयंपाकीणबाई स्वतः बाहेर येऊन उभी राहिली, माझा नवरा असतास तर चमच्याने भरवलं असतं, म्हणाली. तो तिला हसून म्हणाला, "छान आहे बाई, पण ही नव्हे."

त्या दुपारी आम्ही दोनदा तुझ्या गल्लीच्या तोंडाशी आलो. वरची खिडकी उघडी होती, कठड्यावर निळी चादर टाकलेली होती. त्याला उजवीकडे वळायचं होतं. मी त्याचं कोपर धरून डावीकडे नेलं. पुढे रस्ता खणलाय, असं सांगितलं. रस्ता खणलेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी देसोलिनाच्या दुकानाचा पत्ता दिला. तू ओळखत असशील, जुन्या वेशीपाशी ताजा पास्ता विकते, सत्तरीची आहे, लाटणं तिच्या उंचीचं. एर्मेसला खुर्ची दिली आणि त्याच्यापुढे सात-आठ कप्पेलाच्ची उकडून ठेवली. त्याने मान हलवली. मग ती त्याच्याजवळ बसली आणि एवढ्या दिवसांत कोणीच विचारलं नव्हतं ते विचारलं, की तुला जी हवी आहे ती लागते कशी? तो म्हणाला, "गोड. मग कडू. मग नाकात झणझणतं."

देसोलिना माझ्याकडे वळली. "हा फेर्राराचं खाणं मागतच नाहीये. मांतोवाचं मागतोय. ते लोक भोपळ्यात कडू बदामाची बिस्किटं चुरतात, वर मोहरी घातलेला फळांचा मुरांबा. सगळं गाव पालथं घातलंस तरी इथे नाही मिळायचं."

तो चिडला. मी इथल्या वेशीपाशी जन्मलो, म्हणाला.

ताई, मला माहीत होतं. त्रिएस्तेला त्याने पहिल्यांदा ताट सारलं तेव्हाच कळलं होतं. तू मांतोवाला त्या वकिलांच्या घरी स्वयंपाकाला होतीस, महिन्यातून एका रविवारी घरी यायचीस आणि तिथल्यासारखी कप्पेलाच्ची करायचीस. आई म्हणायची, भोपळ्यात बिस्किटं घालतात, उद्या कॉफीत कांदा घालतील. एर्मेस तुझा वाग्दत्त वर म्हणून जेवायला यायचा आणि तीनदा मागून घ्यायचा. वाढायला मी असायचे. त्याला काय हवं होतं ते ठाऊक असून मी तीन दिवस त्याला खानावळींतून फिरवलं. कुठेतरी दुसऱ्याच कुणाच्या हातची त्याला चालून जाईल, असं वाटत होतं.

देसोलिना म्हणाली, पोळी मी लाटून देते, सारण तुझं तू कर; माझ्या दुकानात ते केलं तर सासू थडग्यातून उठून येईल. वाण्याकडे बिस्किटं मिळाली, मुरांबाही मिळाला. भाड्याच्या खोलीतल्या शेगडीवर मी ते केलं. तू मुठीने बिस्किटं चुरायचीस, तशी चुरली. चव घेऊन पाहिली नाही.

दुपारी वाढलं. त्याने खाल्लं. ताटातलं सगळं खाल्लं, पुन्हा घेतलं, पावाने ताट पुसलं. मग माझा हात धरला आणि मला "झाइरा" म्हणाला.

तो जे म्हणाला ते जसंच्या तसं लिहिते. "झाइरा, मीच येऊन सांगायला हवं होतं. सायकल घेऊन निघालो होतो. पो नदीच्या पुलापर्यंत आलो. तिथे बसून राहिलो आणि परत फिरलो. इरिसला मात्र खोटंच म्हटलं, की तुला सांगितलं. रागावलीस?"

आता माझ्याकडची बाजू ऐक. लग्नाआधी तो मला म्हणाला होता की मी मांतोवाला जाऊन आलो, झाइराला आपल्या दोघांचं तोंडावर सगळं सांगितलं, ती म्हणाली, जा, सुखाने राहा. मी ते चाळीस वर्षं खरं धरलं. एकाहत्तर साली आईच्या दफनाला तू माझ्याकडे पाठ केलीस, तेव्हा मला वाटलं, तोंडाने आशीर्वाद दिला आणि पोटात विष ठेवलं. नोर्माजवळ मी तुला ढोंगी म्हणाले. नोर्माच्या पोटात काही राहत नाही, तेव्हा ते तुझ्यापर्यंत आलं असेल. तुझ्या एकाही नाताळच्या कार्डाची वाट पाहिली नाही, स्वतः एकही पाठवलं नाही, आणि मनात कायम मीच बरोबर होते.

तो उत्तराची वाट पाहत होता. हात सोडत नव्हता. मी इरिस आहे, असं सांगता आलं असतं. तू पळपुटा निघालास, असंही सांगता आलं असतं. मी म्हणाले, "नाही रागावले. केव्हाच सोडून दिलं मी ते."

त्याने विचारलं, "आणि इरिस? तिच्यावर?"

मी म्हणाले, "तिच्यावरही नाही."

तो झोपला. खुर्चीतच, तोंड उघडं ठेवून. मी भांडी घासली. दुसऱ्या दिवशी गाडी धरली. इथे आल्यावर मी तीच कप्पेलाच्ची आणखी चारदा केली, चारही वेळा जेवला. मग छातीत कफ झाला आणि तीन दिवसांत गेला. शेवटी मला ओळखत नव्हता, तुलाही नाही. पण घाबरलेला नव्हता, हे मला दिसत होतं.

तर ताई, मी तुझ्या नावाने क्षमा दिली. ती माझी नव्हती. त्याला दिली ती एक वेळ मरणाऱ्याला पाणी पाजावं तशी म्हणता येईल, पण त्याच तोंडाने मी स्वतःलाही देऊन टाकली. तू तिथून दोन गल्ल्यांवर होतीस. तुला बोलावून आणता आलं असतं. मी नाही आणलं, कारण तू कदाचित दुसरं काहीतरी म्हणाली असतीस.

त्याला दिलेली आता परत घेता येणार नाही. माझी मात्र तुला वाटेल तेव्हा परत घे, मी कुरकुर करणार नाही. लिहून कळव किंवा कळवू नकोस.

एक विचारायचं राहिलं. त्याने नाही, मीही नाही, तर मग त्या वेळी तुला ते कोणी सांगितलं? कुठे होतीस तू? वकिलांच्या स्वयंपाकघरात? कोणी जवळ होतं का? इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता, आता दिवसभर दुसरं काही सुचत नाही.

सारणात तू आणखी काहीतरी घालायचीस. चौथ्या खेपेला मी चव घेतली, तेव्हा काहीतरी कमी वाटलं. त्याला ते कळलं नाही.

तुझी
(हा शब्द नको असेल तर खोडून टाक)
इरिस