रात्रपाळीची दुसरी सिस्टर

नाशिक, ११ जुलै १९९९

ती. गोरक्षमामांस,
ज्योत्स्नाचा शि. सा. न. वि. वि.

मी मेट्रन झाल्याचे पेढे तुम्ही खाल्लेत, आता पुढचे ऐका. काल विश्वस्तांच्या बैठकीला मला पहिल्यांदाच बोलावले होते. आमचे व्यवस्थापक म्हणाले, हॉस्पिटल तोट्यात आहे, मुलांच्या वॉर्डात रात्री दोन सिस्टर कशाला, एक पुरे. मी म्हटले, दोन पोरांना एकदम धाप लागली तर एकटीने कुणाकडे धावायचे? त्यांनी शांतपणे विचारले की एका सिस्टरवर वर्षाला किती खर्च होतो. मला सांगता आले नाही. पंधरा वर्षे नर्सिंग केले, पण हा आकडा कधी पाहिलाच नव्हता. पुढच्या महिन्यात निर्णय आहे. तुमची हयात बँकेत गेली, काही सुचवा.

मामींना नमस्कार. तुमचा हात पाठीवर असू द्या.
तुमची ज्योत्स्ना


चांदवड, १७ जुलै १९९९

चि. ज्योत्स्नास,
अनेक आशीर्वाद.

गणिताच्या पेपरला जिचे पोट दुखायचे तिला अंदाजपत्रकाने गाठले, हे वाचून मामी पोटभर हसली. मग मला म्हणाली, पोरीला नीट उत्तर लिहा.

माझ्यासमोर कर्ज मागायला आलेला माणूस रडला तरी मी आधी धंदा कसा चालतो तेच विचारायचो. तुझे साहेबही तेच विचारतात, राग धरू नकोस. सिस्टरचा पगार, फंड, रजा, सगळे धरून आकडा काढ. मग ती नसली तर कुठे काय जास्त लागेल तेही काढ. आणि तुझ्याच वॉर्डात काही वाया जात असेल तर ते त्यांच्या आधी तू सांग. हे जड जाईल.

वेळेवर जेवत जा. पत्राची वाट पाहतो.
तुझा गोरक्षमामा


नाशिक, २२ ऑगस्ट १९९९

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

जड गेले. हिशेब विभागातल्या मनोजने ड्यूटीनंतर बसून मला सगळे समजावले. पगाराचा आकडा निघाला. गेल्या वर्षी दोन सिस्टर कामाच्या ताणाने सोडून गेल्या, तेव्हा रोजंदारीवर बायका आणाव्या लागल्या, तो खर्चही निघाला. पण मुलांच्या वॉर्डाच्या कपाटात सलाईनचे संच आणि हातमोजे मुदत संपून पडलेले सापडले. ते वॉर्डाच्या जुन्या सिस्टर मंगलाबाईंनी साठवलेले. लहान मुलाची शीर कशी शोधायची हे माझा हात धरून ज्यांनी शिकवले, त्याच या. मी विचारले तर म्हणाल्या, रविवारी स्टोअर बंद असते, पोर तडफडले तर मी कुठून आणू? कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि निघून गेल्या.

बैठकीत मी नासाडी स्वतःहून सांगितली. चूक वॉर्डाची नाही, स्टोअरच्या वेळेची, हेही सांगितले. रविवारी स्टोअर उघडे ठेवले तर साठा करावा लागत नाही, आणि नासाडी वाचून एका सिस्टरचा निम्मा पगार तिथेच निघतो. व्यवस्थापकांनी दोनदा हिशेब तपासला. दोन्ही सिस्टर मार्चपर्यंत राहणार, मग पुन्हा पाहणार.

मंगलाबाई मात्र कामापुरतेच बोलतात. जिंकल्यासारखे वाटत नाही, मामा.

माया अशीच ठेवा.
ज्योत्स्ना


नाशिक, ५ डिसेंबर १९९९

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही लिहिलेत की मंगलाबाईंना वेळ द्यावा, म्हणून दिला.

परवा मंगलाबाई माझ्या खोलीत आल्या. पोरांच्या घशातला कफ ओढायला वॉर्डाला नवे सक्शन मशीन हवे म्हणाल्या. गरज खरी होती, पैसे नव्हते. पूर्वी मी ‘वर विचारते’ म्हणून वेळ मारून नेली असती. या वेळी खुर्ची ओढून त्यांना शेजारी बसवले, वर्षाच्या खर्चाचा कागद पुढे ठेवला आणि या वर्षी जमणार नाही म्हणून सांगितले.

त्यांनी चष्मा लावला, कागद ओळीओळीने वाचला. मग म्हणाल्या, बाहेरच्या बागेवर एवढा खर्च कशाला होतो ग? मला तो कधी खटकला नव्हता. आम्ही दोघी चहा गार होईपर्यंत बसलो. पुढच्या बैठकीला मी पण येते, म्हणाल्या, तू फार हळू बोलतेस.

थंडी वाढली आहे, मामींना जपा. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची ज्योत्स्ना