टेबलाखालचे गिअर

मिलर्सफर्ड, ओहायो
५ एप्रिल १९८७

प्रिय डॉरीनताई,
सा. न. वि. वि.

टुसॉनच्या विमान-दुरुस्तीच्या कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकलास, बरं केलंस. इथली लोखंड ओतायची फाउंड्री बंद पडल्यापासून गावात काम म्हणजे पेट्रोल भरणं, नाहीतर सासऱ्याच्या शेतात राबणं. मला तर सासराही नाही!

पण बाबांना सोडून कसा येऊ? झटक्यानं उजवं अंग आणि वाचा गेली ती गेलीच. सकाळी त्यांना आंघोळ घालतो, ओट्सची लापशी भरवतो आणि चाकाची खुर्ची ढकलत गॅरेजात आणतो. मग दिवसभर मी आणि त्यांची जुनी मस्टँग गाडी. परवा इंजिनात हवा घेणारा, स्वस्तातला उंच इनटेक बसवला, वर उघडा एअर फिल्टर चढवला, आणि बॉनेट काही बंद होईना. मोजमाप न घेता सामान कोंबणारा मीच एक शहाणा! बाबा डाव्या हातातली काठी आपटत हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच हसले, ताई.

एक्झॉस्टचे पाइप तेवढे बदलतो, मग तुझ्या कारखान्याचं बघू.

लोभ आहेच, तो या इंजिनासारखा अधूनमधून बंद पडू देऊ नकोस.
तुझा वर्लिन

टुसॉन, ॲरिझोना
१६ एप्रिल १९८७

चि. वर्लिन,
अ. उ. आ.

बॉनेटचं वाचून स्टाफरूममध्ये एकटीच हसत सुटले. बाकीच्या बायका बघायला लागल्या.

आता नीट ऐक. कारखाना तुझी जागा जूनअखेरपर्यंत धरून ठेवणार आहे, त्यानंतर नाही. मी शाळेत वर्षाची रजा मागितली आहे. मी तिकडे येते, तू इकडे ये, माझ्याच घरात राहा. बाबांना फक्त तूच लागतोस असलं काही सांगू नकोस. मीही त्याच गॅरेजात पाने पुसत वाढले आहे.

आणि येताना मस्टँग घेऊन ये. ही गाडी एकदा वाळवंट बघणार, असं बाबा आपल्याला कितीदा सांगायचे! आठवतं ना?

बाबांना पापा. तुझ्यावर माझी माया आहे म्हणून रागावते, हे ध्यानात असू दे.
तुझी ताई

मिलर्सफर्ड
१७ मे १९८७

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

पाइप बसले. पहिल्यांदा गाडी चालू केली तर शेजारच्या प्रुइटकाकू पिठाच्या हातांनीच अंगणात धावत आल्या. त्यांना वाटलं, बॉयलर फुटला.

शिवाय एकानं शर्यतीचा नाद सोडला म्हणून त्याचे मागच्या एक्सलचे गिअर अगदी स्वस्तात मिळाले. अख्खा गोळा बोल्ट काढून बाहेर घ्यायचा, दुसरा आत सरकवायचा, झालं. शनिवारी पाव मैलाच्या सरळ शर्यतीच्या पट्टीवर गेलो आणि सगळ्यांना मागं टाकलं. खरं सांगू? त्या पाव मैलात वाटतं, सुटलो बुवा. मग पट्टी संपते आणि वळसा घालून पुन्हा तिथंच यावं लागतं. घरी आलो की भिंती अंगावर येतात.

बाबा मात्र चिडलेत. काठीनं सारखं टेबलाखाली दाखवतात. तिथं मी गाडीचे मूळचे गिअर ढकलून ठेवलेत. त्यांचा नियम तुला ठाऊक आहे: काढलेला भाग फेकायचा नाही, तेल लावून गुंडाळून ठेवायचा. म्हणून तेल लावलं, त्यांच्याच जुन्या शर्टात गुंडाळलं. तरी काठी तिथंच! कॉफी हवी का विचारलं तर कपच उडवला.

जूनचं बघतो. अजून कार्बोरेटर राहिलाय.

राग धरू नकोस, धरलास तर पत्रातून कळव.
तुझा वर्लिन

टुसॉन
२६ मे १९८७

चि. वर्लिन,
अ. उ. आ. आणि एक थोबाडीत.

अरे, ते गिअर बसवलेस? मी काय परकी आहे, मला कळत नाही? त्यांच्यावर गाडी सुरुवातीला उसळी मारते, पण हायवेवर साठच्या वेगालाच इंजिन बोंबलायला लागतं आणि पेट्रोल ढोसतं. त्यावर देश ओलांडणार आहेस होय? गावाबाहेर जाता येणार नाही अशी गाडी तू स्वतःच्या हातानं बनवलीस. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. घाबरतोस तू, वर्लिन, आणि नाव बाबांचं पुढं करतोस.

तेल लावायला नाही सांगत ते! जरा त्यांना विचार तरी.

माझी रजा मंजूर झाली. मी जूनच्या मध्यावर येतेच आहे.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
ताई

मिलर्सफर्ड
४ जून १९८७

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. तुला शिव्या दिल्या. मग आज बाबांसमोर बसलो आणि विचारलं की जुने गिअर परत बसवू का. त्यांनी होकाराची मान हलवली. मी जाऊ का, असंही विचारलं. त्यांनी काठी खाली टाकली आणि डाव्या हातानं माझी मान घट्ट धरली. दोघंही रडलो.

महिनाभर ते मला जा म्हणत होते, ताई, आणि मी कॉफी विचारत बसलो.

आता एक्सल उघडतोय. हात काळे आहेत, पत्रावरचे डाग माफ कर.
तुझा वर्लिन

मिलर्सफर्ड
१२ जुलै १९८७

चि. वर्लिन,
अ. उ. आ.

गाडीनं वाळवंट पाहिलं, हे तुझं कार्ड मी बाबांना तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा त्यांनी ते हातातून काढून घेतलं.

मी बरी आहे. दुपारी गॅरेजचं दार उघडून आम्ही दोघं बसतो. समोरून गाड्या जातात. त्या बघताना तू इथं कसे दिवस काढलेस ते कळतं. तुला घाबरट म्हटलं, ते मनावर घेऊ नकोस.

तू घाईत शर्यतीचे गिअर तसेच टाकून गेलास. दुसऱ्याच दिवशी बाबांची काठी टेबलाखाली! यावेळी तेलासाठीच होती. मी तेल लावलं, तुझा फाटका शर्ट सापडला त्यात गुंडाळलं. मग त्यांनी खुणेनं खडू मागून घेतला आणि त्या गाठोड्यावर डाव्या हातानं, वाकडंतिकडं, तुझं नाव लिहिलं.

जपून राहा. आम्हा दोघांची माया आहेच.
तुझी ताई