सुभद्रेच्या खिरीचा डबा

विरार (पूर्व)
२४ मे १९९८

ती. आक्कास,

विरारहून वसूचा सप्रेम जयभीम. तुझ्या गुडघ्यांना आता उतार आहे का? त्या महाडच्या वैद्याचं तेल लावतेस की नुसती बाटली कपाटात मिरवतेस? भाऊजींचा खोकला थांबला असेल अशी आशा करते (बिडी थांबली नसणार, ते मला ठाऊक आहे). इकडे आम्ही खुशाल आहोत. टँकर दिवसाआड येतो. तिसऱ्या मजल्यावर कळशा चढवून चढवून माझे दंड असे झालेत की आमचे हे आता भांडताना जरा लांब उभे राहतात. सुभद्राच्या माणिकपूरच्या बिल्डिंगला मात्र विहीर आहे. पंप सुरू केला की नळाला धो धो पाणी. असो. कुणाच्या पाण्यावर डोळा ठेवायचा माझा स्वभाव नाही.

तू विचारलं होतंस की राजगीरची यात्रा कशी झाली, सविस्तर कळव. तर सविस्तर कळवते, चष्मा लावून बस. तुला माहीतच आहे की आमच्या विहाराच्या महिला मंडळात वैशाख पौर्णिमेची खीर गेली अकरा वर्षं मी करते. अकरा वर्षं! पत्र्याच्या शेडमध्ये विहार होता तेव्हापासून. सुजातेने तथागतांना खीर दिली त्याची आठवण म्हणून भन्तेंना पहिली वाटी माझ्या हातची, आणि मग सगळ्यांना. यंदा गमरे गुरुजींनी (पांडुरंग गमरे, आमच्या शाळेचे निवृत्त मास्तर, शिट्टी अजून गळ्यात) ठरवलं की पौर्णिमा विरारात करायची नाही, थेट राजगीरला गृध्रकूट पर्वतावर करायची. तथागतांनी जिथे बसून उपदेश केला त्या डोंगरावर पायी चढायचं, वर वंदना घ्यायची आणि बाराच्या आत भन्तेंना खीरदान करायचं. बाराच्या आत अशासाठी की भन्ते बारानंतर अन्नाला शिवत नाहीत, घड्याळाचा काटा पुढे गेला की गेला. मी म्हटलं, वा! मनात लगेच तांदूळसुद्धा निवडायला घेतले. आणि मार्चच्या सभेत गुरुजी सगळ्यांसमोर काय म्हणाले असतील? म्हणाले, यंदाची खीर सुभद्राताई करतील.

आक्का, सुभद्रा! माझी धाकटी जाऊ. जितेंद्र भावोजींची बायको. मंडळात येऊन तिला पुरती तीन वर्षं झाली नाहीत. नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या, खोटं कशाला सांगू? सभा संपल्यावर सगळ्या बायका तिच्याभोवती आणि मी सतरंज्या गोळा करते आहे. घरी येऊन ह्यांच्यापाशी बोलले तर हे म्हणाले, बरं झालं, तुला आराम. पुरुषांना काही कळत नाही, हे आपल्या आईने सांगितलं होतं ते खरं.

गाडीतला प्रवास लिहीत नाही, कारण त्यात सुभद्राच सुभद्रा होती. तिच्या शेजारच्या आग्नेसबाईंनी वाडीतली सुकेळी दिली होती, चांगला दोन किलोचा पुडा. ती सुकी केळी तिने अख्ख्या डब्याला वाटली, टीसीलासुद्धा. सगळे म्हणत होते, काय गोड, काय गोड! मी केलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या पिशवीतच राहिल्या. वर तिच्यापाशी एक मोठा पाच लिटरचा कडीचा डबा होता, नवा कोरा, पांढऱ्या टॉवेलात गुंडाळलेला. कुणाला हात लावू देईना, झोपताना उशाशी घेऊन झोपायची. मी एकदा सहज म्हणून टॉवेल जरा बाजूला केला, तर माझ्या हातातून ओढूनच घेतला आणि म्हणाली, ताई, आत्ता नाही हं. काय मेलं सोनं होतं त्यात! रिकामा डबा तो. मी मनात म्हटलं, खिरीचा एवढा तोरा, तर खीर झाल्यावर काय होईल?

तेव्हाच मी ठरवलं. पौर्णिमेला पहाटे भन्तेंकडून बाकी सगळ्यांनी पंचशील घेतलं आणि मी अष्टशील घेतलं. म्हणजे पाच शीलं आहेतच, वर आणखी तीन. बारानंतर जेवायचं नाही, नटायचं नाही, आणि उंच, ऐसपैस आसनावर बसायचं-निजायचं नाही. सुभद्राला विचारलं, तू घेतेस का? तर म्हणाली, ताई, मला पाचच सांभाळताना नाकी नऊ येतात. (बघ! आणि हिला खीरदान.) गुरुजींनी त्या दिवशी सगळ्यांच्या बांगड्या, चेनी, घड्याळं एका पिशवीत बांधून उतरायच्या जागीच ठेवायला लावली. पांढऱ्या साडीत सगळ्या सारख्या दिसल्या पाहिजेत म्हणे. सुभद्राची साडी मात्र लॉन्ड्रीतली होती, कडक. ती काही सारखी दिसत नव्हती.

आता डोंगराचं सांगते. राजगीरला वर जायच्या दोन वाटा आहेत. एक पायी. दुसरी म्हणजे लोखंडी दोरीला एकेक खुर्ची टांगलेली असते, तीत बसायचं, की ती तुला उचलून शेजारच्या टेकाडावरच्या शांतिस्तूपापर्यंत नेते, आणि तिथून पायऱ्या उतरून गृध्रकूटावर यायचं. (त्या टेकडीचं नाव रत्नागिरी. म्हटलं, एवढे पैसे खर्चून बिहारात आलो आणि पोचलो कुठे तर रत्नागिरीला.) गुरुजींनी दोन गट केले. पहाटे उतरायच्या जागी केलेली खीर सांडू नये म्हणून डबा घेऊन सुभद्रा आणि गुडघेदुखीच्या बायका पाळण्याने, बाकीचे पायी. मला गुडघे आहेत हे गुरुजींना माहीत होतं, म्हणून त्यांनी मलाही पाळण्यात घातलं. मी ठाम नाही म्हटलं. अष्टशीलात उच्चासन वर्ज्य आहे. गुरुजी समजावू लागले की ताई, उच्चासन म्हणजे पलंग, मानाची खुर्ची वगैरे. मी म्हटलं, मग ही काय आहे? खुर्चीच आहे की! आणि तीनशे फूट उंच आहे, ह्याहून उच्च आसन राजाकडेसुद्धा नसेल. भन्ते हसल्यासारखे वाटले, पण त्यांचा चेहराच तसा आहे.

शेवटी गुरुजींनी पायी गट माझ्या आणि भन्तेंच्या हवाली केला आणि स्वतः पाळण्याच्या रांगेपाशी थांबले. जाताना त्यांनी आपल्या मनगटावरचं घड्याळ काढलं (कार्यक्रमासाठी तेवढं एकच बरोबर ठेवलं होतं) आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, वर वेळ तुम्ही सांभाळा, आज तुमचं अष्टशील आहे, तुमच्याइतकं खरं कोण सांगणार? आक्का, त्या क्षणी मला जरा बरं वाटलं. खीर तिच्याकडे, पण वेळ माझ्याकडे.

दुरून डोंगर साजरे म्हणतात, ते म्हणणारा मे महिन्यात बिहारात गेला असावा. ऊन असं की पायऱ्यांवर भाकरी टाकली तर पापुद्रा सुटेल. माझ्याबरोबर नालासोपाऱ्याच्या चार म्हाताऱ्या, त्या सरसर पुढे, आणि मी पन्नाशीसुद्धा न गाठलेली, दर दहा पायऱ्यांना बुद्धं सरणं गच्छामि म्हणून बसते आहे. वंदना म्हणते असं भन्तेंना वाटावं म्हणून मोठ्याने. वर नजर जाई तेव्हा लांब आकाशात त्या खुर्च्या डोलत जाताना दिसत, एकीत पांढरी साडी, मांडीवर डबा. मी इथे घामाने भिजून चिंब आणि सुभद्रा ढगातून चालली आहे. जळफळाट झाला माझा, आक्का. तुला सांगते, बाकी कुणाला सांगणार नाही.

पण झालं असं की ती जी दिसली ती सुभद्रा नव्हतीच. आम्ही अकराला वर पोचलो, वंदना झाली, परित्राण पाठ झाला, तरी सुभद्राचा पत्ता नाही. पौर्णिमेची गर्दी, रांग लांबच लांब, आणि हिचा नंबर आला तेव्हा बाईसाहेबांना चक्कर. पाळणा थांबत नाही ना, चालत्या खुर्चीत पटकन बसावं लागतं. तिने म्हणे तीन खुर्च्या सोडल्या. चौथीत गुरुजींनी शिट्टी वाजवून अक्षरशः ढकललं, तेव्हा डोळे मिटून, डबा पोटाशी धरून वर आली. तिथून धावत पायऱ्या उतरत, एक चप्पल कुठे तरी गेलेली, लॉन्ड्रीच्या साडीचा चोथा झालेला, अशी ती आमच्यासमोर उभी राहिली. डब्यातला एक थेंब सांडला नव्हता. भन्ते सकाळपासून उपाशी होते, खिरीसाठी थांबलेले. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, उपासिका, वेळ काय झाली?

मी घड्याळ पाहिलं. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. तेच मी सांगितलं. माझा काय दोष? घड्याळ काही माझ्या माहेरचं नव्हतं.

भन्तेंनी पायापाशी स्वतःच्या सावलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि हात जोडून म्हणाले, उपासिका म्हणतात तर वाजले असतील. पात्र झाकून ठेवलं. सुभद्रा मटकन दगडावर बसली आणि रडली गं. मोठ्याने नाही, पदरात तोंड घालून. गुरुजी मागाहून पोचले, त्यांनी शिट्टी तोंडात धरली पण वाजवली नाही. मग खीर डोंगरावर काठ्या विकणाऱ्या बायकांना वाटली. त्या म्हणत होत्या, बहुत बढिया, बहुत बढिया. मलाही भूक लागली होती, पण माझं अष्टशील, बारा वाजून गेलेले, त्यामुळे दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत मी नुसत्या पाण्यावर. पोटात कावळे नव्हे, अख्खं गृध्रकूट ओरडत होतं. पण व्रत म्हणजे व्रत.

तर अशी यात्रा झाली. मनाला फार शांती मिळाली. कुणाविषयी काही उरलं नाही मनात. भाऊजींना जयभीम सांग, पोरांच्या गालांना माझ्या वाटचे चिमटे काढ, आणि तेल लाव.

तुझी
वसू

ता. क. घड्याळात बाराला दहा कमी होते. आक्का, हे लिहायला मला तीन पानं लागली. मुसावादा वेरमणी, खोटं न बोलण्याचं शील, पहाटे भन्तेंच्या मागून मीच सगळ्यांत मोठ्याने म्हटलं होतं, आणि दुपार व्हायच्या आत मोडलं. नंतर गुरुजींना घड्याळ परत देताना काटा पंधरा मिनिटं पुढे करून दिला, म्हणजे तोही खोटारडा झाला. त्याचा राजगीर ते विरार प्रत्येक स्टेशनावर गोंधळ उडत होता आणि प्रत्येक वेळी मी खिडकीबाहेर बघत होते. चोराच्या मनात चांदणं, आणि त्यात पौर्णिमा. भन्तेंना सावलीवरून कळलं असेल का गं? येताना गाडीत त्यांनी मला एवढंच विचारलं, उपासिका, तुम्ही सकाळी तरी काही खाल्लं होतं ना? माझ्या खोट्यापायी तो माणूस दिवसभर उपाशी राहिला आणि चौकशी माझ्या पोटाची.

ता. क. दुसरा. काल सुभद्रा आली होती. तीन मजले चढून, तो डबा घेऊन. म्हणाली, ताई, हा विहाराला द्यायचा आहे, ज्येष्ठ पौर्णिमेला गुरुजी सगळ्यांसमोर वाचून दाखवणार आहेत, तेव्हा आधी तुम्ही बघा. टॉवेल काढला. डब्यावर नाव घातलंय, माणिकपूरच्या भांडीवाल्याकडून, मशीनने, ठसठशीत. ‘वैशाख पौर्णिमा १९९८, गृध्रकूट. सौ. वसुंधरा जयवंत मोहिते यांच्या हस्ते खीरदान.’ आक्का, खीर करायचं काम तेवढं तिने मागून घेतलं होतं. भन्तेंच्या पात्रात ती वाढणार होते मी. मार्चपासून गुरुजींना माहीत होतं, ह्यांना माहीत होतं, जितेंद्र भावोजींना माहीत होतं. मला तेवढं वर गेल्यावर सांगायचं होतं. डबा बघून मी रडले, तर तिला वाटलं आनंदाने. मला म्हणाली, ताई, बारा वाजले त्यात तुमचा काय दोष, मीच घाबरट.

ता. क. तिसरा, आणि पत्र लिहिलं ते ह्याचसाठी. आमचे हे रविवारी महाडला येतायत. सुभद्रा डबा माझ्याकडेच ठेवून गेलीय, तो त्यांच्याबरोबर पाठवते, पेपरात गुंडाळून, त्यांना उघडू देऊ नकोस. तुमच्या बाजारात भांड्यांवर नावं घालणारा आहे ना, त्याच्याकडून माझं नाव घासून काढ आणि पॉलिश करून घे. इथे विरार-माणिकपुरात करायला दिलं तर संध्याकाळपर्यंत सुभद्राच्या कानावर जाईल. त्या जागी घालायला सांग, ‘सौ. सुभद्रा जितेंद्र मोहिते हिने केलेली खीर.’ ज्येष्ठ पौर्णिमेच्या आत हवं, त्या दिवशी सगळ्यांसमोर मी उभी राहून खरी वेळ सांगणार आहे. (आज तरी असं ठरवलंय.) खीर खरोखरच चांगली होती. डोंगरावर खीर वाटताना झाकणाला लागलेली बोटभर मी चाटली. तेव्हा बारा वाजले नव्हते, म्हणून तेवढं शील शाबूत आहे. साखर मात्र किंचित कमी होती.

आणि नाव जरा बारीक अक्षरांत घालायला सांग.