विचारलं, असंच करा

प्रिय ताई,

पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदा सांगून टाकते की आई बरी आहे, मी धडधाकट आहे आणि कोणी पळूनबिळून गेलेलं नाही. रोज फोन होतो, तरी हिला पत्र लिहायची अवदसा कुठून आठवली, असं तू म्हणशील. पण फोनवर आपण दोघी बोलत नाही गं. तू बोलतेस आणि मी हं हं करते. काही सांगायला घ्यावं, तर तू 'थांब, मी बघते' म्हणतेस आणि माझं सांगणं तिथेच संपतं. कागदावर तुला मला थांबवता येणार नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच, आणि कृपा करून अर्ध्यात फोन लावू नकोस.

नोकरी कशी चाललीय म्हणून तू विचारतेस आणि मी 'छान' म्हणते. छान नाहीये. शनिवारी लॅबच्या मॅडमनी मला घरी पाठवलं. आज मंगळवार. लॅबमध्ये रंगकाम चाललंय असं आईला सांगितलंय आणि दोन दिवस घरात बसून तिच्या हातचं आयतं खातेय. तिला सांगायचंय, पण आधी तुला.

खरं तर मागच्या वर्षापासून सुरुवात करायला हवी. तू ओळखी काढून तीन ठिकाणी माझ्यासाठी शब्द टाकला होतास. तिन्ही ठिकाणांहून येऊन मी म्हटलं, त्यांना अनुभव हवाय. नोकरी नाही म्हणून अनुभव नाही आणि अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत राहिली. तू तर तुझ्या त्या मैत्रिणीशी भांडलीस, की तुझ्या नवऱ्याने माझ्या बहिणीला दोन मिनिटं बसवूनही घेतलं नाही. ताई, मी आत गेलेच नव्हते. एका ठिकाणी जिन्यावरून परत आले. दुसऱ्या ठिकाणी समोरच्या फुटपाथवर पाऊण तास उभी राहिले. तुझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याच्या ऑफिसात तर काचेच्या दारापर्यंत पोचले होते. वॉचमनने कोणाकडे जायचंय विचारलं, आणि मी म्हटलं, 'चुकून आले.' आत पाचसहा माणसं बसली होती, त्यांतल्या एकीने नुसतं मान वर करून बघितलं आणि मी तशीच मागे वळले. घरी येईपर्यंत वाटेत दोनदा बसावं लागलं. तुझ्या मैत्रिणीची काही चूक नव्हती. तिला फोन कर आणि सांग.

मग तू सुट्टीत आलीस आणि ती दातांच्या लॅबची जाहिरात तुझ्या नजरेस पडली. पुढचं तुला माहितीच आहे. आपला आवाज सारखा. बाबा असतानाही फोनवर त्यांना कधी कळायचं नाही कोणती कोण. तू पलंगावर मांडी घालून बसलीस, स्वतःच्या फोनवरून नंबर लावलास आणि माझं नाव सांगून सुरू झालीस. मी उशीत तोंड खुपसून हसत होते, आठवतं? 'अनुभव नाही मॅडम, पण माणसांशी बोलायला मला मनापासून आवडतं.' त्या वाक्याला तर मी उशी चावली. पंधरा मिनिटांत तू नोकरी मिळवलीस. आईने तुझी दृष्ट काढायचीच बाकी ठेवली होती. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, हे तिचं पालुपद तिने त्या दिवशी चार वेळा म्हटलं. तेव्हा मला हसू येत होतं. दुपारी मात्र मोरीत जाऊन उलटी झाली, ते मी कोणाला सांगितलं नाही.

लॅब तू पाहिलेली नाहीस. दोनच खोल्या आहेत. मागच्या खोलीत चार कारागीर दात बनवतात, आणि मशीनची अशी घरघर चालते की दिवसाअखेर कान सुन्न होतात. सगळीकडे पांढरी भुकटी, माझ्या भुवयांतसुद्धा. बाहेरच्या खोलीत माझं टेबल, टेलिफोन आणि भिंतभर फडताळ. फडताळात प्लास्टिकचे डबे, प्रत्येक डब्यात कोणाचा तरी प्लास्टरचा जबडा, आणि डब्याला रबरबँडने लावलेली चिठ्ठी. डॉक्टरांकडून माप येतं, आमच्याकडे कॅप नाहीतर कवळी तयार होते, डबा परत जातो. काय करायचं, कोणी काय सांगितलं, सगळं त्या चिठ्ठीवर. तोंडी निरोप कोणी मानत नाही. पुढचे दात करणारे काका तिथे सर्वांत जुने. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, 'पोरी, इथे चिठ्ठीवर आहे तेच खरं.' मला वाटलं, वा, ही तर माझ्यासारखीसाठीच काढलेली जागा. दिवसभर लिहायचं आणि गप्प राहायचं.

पण मला घेतलं होतं ते फोनवर बोलायला. तुझा तो चुरूचुरू आवाज ऐकून. पहिल्या दिवशी मॅडमनी दोन प्रश्न विचारले आणि माझी दातखीळ बसली, दातांच्या लॅबमध्येच. त्या म्हणाल्या, 'फोनवर तर ऐकतच नव्हतीस.' मी गळ्याला हात लावून घसा बसलाय असं खुणेने दाखवलं. ताई, त्या बाईने दुसऱ्या दिवशी घशाच्या गोळ्या आणून दिल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आठ दिवस मी न दुखणाऱ्या घशासाठी गोळ्या चघळत होते.

येणारे फोन मी कसेबसे घेऊ लागले. काय बोलायचं ते कागदावर लिहून टेबलाला चिकटवलं होतं आणि तेवढंच वाचायचे. पण आपण होऊन फोन लावणं मला जमेना. नंबरचे पाच आकडे दाबून झाले की सहाव्याला मी रिसीव्हर खाली ठेवायचे. समोरचा कामात असेल, वैतागेल, 'कोण?' म्हणेल आणि मला माझंच नाव आठवणार नाही, असं काय काय डोक्यात यायचं. मग मी युक्ती काढली. डबे पोचवणाऱ्या माणसाबरोबर डॉक्टरांना लिहून पाठवायचं आणि उत्तर आलं की चिठ्ठीवर उतरवायचं. तीन आठवडे वेळ मारून नेली. गोगलगाय म्हणून तू मला चिडवतेस ना, आणि आई पुढचं जोडते, पोटात पाय. आई बरोबर होती.

गेल्या महिन्याच्या शेवटी काका एक डबा घेऊन आले. वरचा पुढचा दात होता, एका बाईंचा. मापात बुडबुडा आलाय, म्हणाले, कड नीट उठलेली नाही. डॉक्टरांना आत्ता फोन करून विचार, नवीन माप पाठवतायत की असंच करू. डबे पोचवणारा नुकताच निघून गेला होता, उद्याच येणार. काका परत आत गेले. मी रिसीव्हर उचलला, ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मग चिठ्ठीवर लिहिलं, 'विचारलं. असंच करा.' हातसुद्धा थरथरला नाही माझा. उलट सुटल्यासारखं वाटलं, तेच मला आता छळतंय.

कॅप बसली नाही. डॉक्टरांनी घासून घासून बसवायला बघितली तर ती तडकली, आणि नव्याने सगळं करायला आणखी आठवडा लागणार होता. त्या बाई शाळेत शिकवतात. रंग जुळवून बघायला डॉक्टरांनी त्यांना लॅबमध्ये पाठवलं. माझ्याच टेबलासमोर खुर्चीवर बसल्या. पूर्ण वेळ त्यांचा तळहात तोंडावर होता. मॅडमनी काही विचारलं की मान हलवायच्या. जाताना हाताआडून एवढंच म्हणाल्या की मी आठवडाभर रजा टाकलीय, मुलांसमोर तोंड उघडायची लाज वाटते. ताई, मला तो हात कळत होता. लोकांसमोर तोंड उघडायची भीती काय असते, ते मला कोणी शिकवायला नको. मी ती स्वतःच्या हाताने दुसऱ्या बाईला दिली होती.

तरीही मी बोलले नाही. त्याच संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला, मॅडमनीच उचलला. मला कोणी विचारलंच नव्हतं, असं ते म्हणत असणार. मॅडमनी डबा मागवला, चिठ्ठी वाचली आणि त्यांच्यावर उखडल्या. 'माझ्याकडच्या मुलीच्या अक्षरात लिहिलंय विचारलं म्हणून. ती मुलगी मी ऐकलीय, ती फोन करायला घाबरणाऱ्यातली नाही. विसरला असाल तुम्ही.' ताई, त्या ज्या मुलीची बाजू घेत होत्या ती तू होतीस. बारा वर्षं आमच्याकडे काम पाठवणारे डॉक्टर, त्यांनी त्या दिवशी काम पाठवणं बंद केलं. आणि मी समोर बसून डब्यांची झाकणं पुसत होते.

काकांना माहीत होतं. त्यांचं टेबल दाराशीच आहे आणि त्या वेळी त्यांचं मशीन बंद होतं. फोन झाला नाही, हे त्यांनी ऐकलं होतं, किंवा ऐकू आलं नव्हतं म्हण. पण कोणालाही काही बोलले नाहीत. शनिवारी सकाळी माझ्या टेबलावर एक कोरी चिठ्ठी ठेवली आणि म्हणाले, 'चिठ्ठीवर आहे तेच खरं, असं मी तुला सांगितलं होतं. ते खरं ठेवायचं काम लिहिणाऱ्याचं असतं.' रागावले असते तर बरं झालं असतं.

मी त्या चिठ्ठीवर सगळं लिहिलं आणि मॅडमच्या टेबलावर ठेवून पळणार होते. त्यांनी वर न बघता ती परत माझ्याकडे सरकवली. म्हणाल्या, 'वाचून दाखव.' सहा ओळी होत्या. किती वेळ लागला ठाऊक नाही. मागची मशीनं एकेक करत बंद झाली, एवढं आठवतं. मी वाचलं. मग न लिहिलेलंही सांगितलं, की त्या दिवशी फोनवर होती ती माझी बहीण होती. मॅडमनी चिठ्ठी माझ्या हातून घेतली. 'म्हणजे तुझा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकतेय,' म्हणाल्या. मला वाटलं आता हाकलतील. त्यांनी मला घरी बसायला सांगितलं. मधल्या दिवसांत त्या डॉक्टरांकडे जाऊन स्वतः माफी मागणार आहेत. ती त्यांनी का मागायची, हे मला सहन होत नाहीये. आणि येत्या सोमवारी अकरा वाजता त्या मला फोन करणार आहेत. तीच मुलाखत, तेच प्रश्न, पहिल्यापासून. या वेळी मी उत्तरं द्यायची. जमलं तर पहिला फोन त्या डॉक्टरांना, माझा. नाही जमलं तर दुसरी मुलगी बघणार.

आता एक लहानपणची गोष्ट सांगते, रागावू नकोस. आइसक्रीमच्या दुकानात तू नेहमी दोघींसाठी पिवळं मागायचीस. मला गुलाबी हवं असायचं. तू इतक्या प्रेमाने मागायचीस की मला सांगवायचं नाही. अठरा वर्षं मी पिवळं खातेय, ताई, आणि ते मला मुळीच आवडत नाही. तुझी चूक नाही. वर्गात बाईंनी नाव विचारलं आणि मी रडायला लागले, तेव्हा दारातून तू माझं नाव सांगितलंस, म्हणून तर मी शाळेत टिकले. तू नसतीस तर माझं काही खरं नव्हतं. पण मला स्वतःचं नाव सांगायची कधी गरजच पडली नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते. शनिवारी निघताना मॅडमनी माझा फॉर्म काढला आणि विचारलं, 'फोन याच नंबरवर करू ना?' फॉर्मवर तुझा नंबर आहे, त्या दिवशी तू लावलेला. एवढं सगळं बोलून झाल्यावर माझ्यातलं बोलणं संपलं होतं गं. 'नाही' एवढं एका शब्दाचं काम होतं, आणि मी सवयीने मान हलवली, हो. तेव्हा सोमवारी अकराला तुझा फोन वाजेल. तुला वाटेल, बिचारीला कशाला त्रास, पंधरा मिनिटांचं तर काम, आवाज तर सारखाच. आणि खरं सांगू, तू तसं करावंस असं मलाही रोज चारदा वाटतं. करू नकोस. त्यांना सांग की मी तिची बहीण बोलतेय, आणि माझा नंबर दे. एवढं एक वाक्य माझ्यासाठी शेवटचं बोल. मी फोन हातात घेऊन बसलेली असेन.

तुझीच,
गोगलगाय