तळ्याची किंमत

मी, खाली सही करणारी, निसर्गसंपत्तीच्या अर्थशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. दडपण आणायला आता विभागप्रमुखही उरलेले नाहीत.

१. राहते घर भाच्याला. त्याने ते खुशाल विकावे. गच्ची गळते, हे मात्र गिऱ्हाइकाला आधी सांगावे.

२. घरामागचे तळे, काठासकट, भाचीला. पुढे भांडण नको म्हणून कारण लिहिते. जन्मभर मी लोकांना विचारत फिरले, हा पाणवठा गेला तर भरपाई किती घ्याल? गेल्या महिन्यात जेवताना तोच प्रश्न या दोघांना आपल्या तळ्याबद्दल विचारला. भाच्याने घास गिळायच्या आत आकडा सांगितला. आकडा वाजवी होता. मी त्याच्यावर मुळीच रागावलेली नाही. भाची म्हणाली, "आत्या, काहीतरीच काय विचारतेस? बदकं कुठे जातील?" मी पुन्हा विचारले, तर ताट घेऊन उठली. अशी उत्तरे आम्ही तक्त्यातून गाळतो, कारण त्यांची सरासरी निघत नाही. पण माझ्यामागे तळे बुजवतील, या धास्तीने मला वर्षभर झोप नव्हती. ती तरातरा आत गेली आणि माझा जीव भांड्यात पडला. भाचाही म्हणाला, "तिलाच दे गं, मला ते लचांड नको."

३. पुस्तके विभागाच्या ग्रंथालयाला, माझा प्रबंध सोडून. त्याची एक प्रत तिथे आहेच, अजून कोरी करकरीत.

४. शेजारच्या प्राध्यापकांना, ज्यांनी माझी बढती दोनदा अडवली, शंभर वर्षांनी भरात येणाऱ्या झाडाचे एक रोप. इतक्या लांबच्या लाभाची आजची किंमत जवळजवळ शून्य, असे ते जन्मभर फळ्यावर सिद्ध करत आले. "मग नातवंडांचीही शून्यच का?" असे मी भर सभेत विचारले, तेव्हापासून आमचे बिनसले. त्यांच्या हिशेबाने मी त्यांना काहीच देत नाही, तेव्हा आभार नकोत. या कागदावर साक्षीदार म्हणून सही तेच करणार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून रोप आज सकाळीच त्यांच्या हातात दिले. "लावू कुठे?" त्यांनी विचारले. तळ्याकाठी, म्हटले, भाचीची परवानगी आहे.

आणखी काही वाटायचे नाही. फार हलके वाटते आहे.

सही: निवृत्त प्राध्यापिका
स्थळ: तळ्याकडची खोली
दिनांक: आजचा, गुरुवार

साक्षीदार पहिल्या: वकीलबाई
साक्षीदार दुसरे: शेजारचे प्राध्यापक
(सहीखाली त्यांच्याच अक्षरात: "हिशेब माझाच बरोबर आहे. खड्डा खणून झाला. पाणी नात घालणार आहे.")