सतरा नंबरचं कुलूप

प्रिय धाकट्या,

तुझा पत्ता तुमच्या लिफ्ट कंपनीच्या जुन्या स्टोअरकीपरकडून मिळवला. द्यायला जरा कुरकुरला, पण दिला. त्याच्याकडूनच कळलं की तू चपलांच्या दुकानात लागलास, चौथ्या मजल्यावर राहतोस आणि इमारतीला लिफ्ट असून जिना चढतोस. अकरा वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस! हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. हल्ली कशानंच येत नाही. हे पाकीट बघून फाडून टाकावंसं वाटलं तर त्यात तुझी काही चूक नाही, पण एकदा शेवटपर्यंत वाच. मोठी बहीण म्हणून हक्कानं सांगत नाही. तो हक्क मी दवाखान्याच्या व्हरांड्यातच घालवून बसले.

घरचं सांगते. तुझे भावजी तसेच आहेत, कमरेखाली काही हालत नाही. खाट खिडकीपाशी घेतली आणि तिच्या पायथ्याशी माझं शिलाई मशीन. दवाखान्याचे गाऊन शिवते, दिवसाला बारा. दर दोन तासांनी गजर होतो, मी शिवण अर्धी टाकून उठते, त्यांना कुशीवर वळवते, पाठ पुसते, पावडर लावते आणि पुन्हा मशीनवर बसते. पहिले चार महिने फार वाईट गेले. कप फेकायचे, मला नाही नाही ते बोलायचे, आणि एकदा देवाला असं काही बोलले की पाळकसाहेब उठून बाहेर जाऊन उभे राहिले. मग हळूहळू निवळले. कसे, ते मला विचारू नकोस. मी चोवीस तास तिथेच होते तरी मला कळलं नाही. आता शेजाऱ्यांचे मिक्सर छातीवर घेऊन दुरुस्त करतात. पंख्याचा आवाज ऐकून बेअरिंग कधी जाणार ते सांगतात. आयुष्यभर लोकांना वरखाली केलं, आता मलाच तळमजल्यावर थांबवून ठेवलंय, असं येईल त्याला ऐकवतात. तुला आठवतंय ना, पूर्वी हा माणूस वर्षातून एक विनोद करायचा आणि तोही फसायचा.

आणि रोज संध्याकाळी प्रार्थनेत तुझी आठवण काढतात. प्रभो, धाकट्याला क्षमा कर, त्याच्या मनावरचं ओझं काढ, त्याला घरी आण. निवळल्यापासून एक दिवस चुकवलेला नाही. मी शेजारी बसून आमेन म्हणते.

चर्चच्या मंडळीत माझंसुद्धा भारी कौतुक चाललंय बरं का. बाई किती स्थिर आहे, डोळ्यांतून टिपूस काढत नाही, केवढा हा विश्वास! अरे, कसला विश्वास आणि कसलं काय. मी बधिर झालेय. दंतवैद्याची सुई टोचल्यावर गाल असतो ना, आपलाच पण दुसऱ्या कुणाचा वाटणारा, तशी. प्रार्थनेला बसते तर उद्याच्या गाऊनचे बंद कापायचे राहिलेत तेवढंच डोक्यात येतं. तरी गेल्या रविवारी पाळकीणबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या की, येत्या रविवारी तुम्हीच साक्ष द्यायची. संकटातून देव माणसाला कसं शुद्ध करतो, हे तुमच्या तोंडून ऐकायचंय. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून बसले. माझी ही जुनी खोड, तुला ठाऊक आहेच.

मंगळवारी साक्ष लिहायला बसले. तीन ओळी लिहिल्या. तिसरी ओळ तुझ्याबद्दल होती. कागद फाडला.

तो दिवस तुला मी काय सांगणार, पण मला तो क्रमानं मांडायचाय. तुम्हा दोघांच्या कंपनीचा नियम मला पाठ आहे, लग्न झाल्यापासून जेवताना दुसरं काय ऐकलं! लिफ्टवर काम करणाऱ्या प्रत्येकानं मेन स्विच बंद करून त्यावर स्वतःचं लाल कुलूप घालायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. काम संपलं की आपलं कुलूप आपण काढायचं. कुलूप नाही म्हणजे आत माणूस नाही. तू वर मशीनरूममध्ये दोरांना ग्रीस लावत होतास. तुझे भावजी खाली गेले होते. तुझं काम झालं, तू तुझं कुलूप काढलंस, स्विचवर दुसरं कुलूप नव्हतं. सवयीप्रमाणे दोन हाका मारल्यास आणि लिफ्ट चालू केलीस. ते लिफ्टखालच्या खड्ड्यात होते, तिथवर हाक पोचली नाही.

तू पहिल्या दिवसापासून एकच सांगत होतास, की त्यांचं कुलूप नव्हतं. कुणी ऐकलं? ज्यानं अख्ख्या कंपनीला कुलूप लावायला शिकवलं तो स्वतः विसरेल होय? त्यांना तर त्या सकाळचं काहीच आठवत नाही, डॉक्टर म्हणाले की आता आठवणारही नाही. शुद्धीवर आल्यावर एवढंच म्हणाले की, माझं कुलूप असणारच. तिसऱ्या दिवशी कंपनीच्या साहेबांनी मला विचारलं, घरून निघताना कुलूप पिशवीत होतं का? मी म्हटलं, रोज असतं, तेव्हाही होतं. मग त्यांनी अहवालात लिहिलं, की तू स्टोअरमधल्या जादा किल्लीनं ते काढलंस आणि नंतर कुठेतरी फेकून दिलंस. आणि मी व्हरांड्यात सगळ्यांसमोर तुला खोटारडा म्हटलं. तू माझ्याकडे एकदा बघितलंस. दुसऱ्या आठवड्यात गाव सोडलंस.

साहेबांना सांगितलं तेव्हा ते मला खरंच वाटत होतं. एवढं माझ्या बाजूनं सांगते, यापुढे माझ्या बाजूनं काही नाही.

चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचे पेले ज्या कपाटात ठेवतो ते माझ्याकडे असतं, तुला माहीत आहे. अपघाताच्या आदल्या दिवशी, रविवारी, त्या कपाटाचं कुलूप गंजून अडकलं ते मी हातोडीनं तोडलं. उघडं कसं ठेवायचं म्हणून घरी आले, यांच्या पिशवीतून लाल कुलूप किल्लीसकट घेतलं आणि कपाटाला लावून टाकलं. म्हटलं, सकाळी लवकर जाऊन नवं लावू, यांचं परत ठेवू. सकाळी नळाला पाणी उशिरा आलं, त्या गडबडीत साफ विसरले. यांना पिशवीत कुलूप सापडलं नसणार. तुझं लावलेलं आहेच, पाच मिनिटांचं काम, असं म्हणून उतरले असणार. तीन आठवड्यांनी प्रभुभोजनाचा रविवार आला. मी जुडग्यातली किल्ली काढून कपाटाशी उभी राहिले आणि कुलुपावर यांचा नंबर दिसला. सतरा.

तेव्हाच तुला कळवायला हवं होतं. सुरुवातीला वाटलं, उद्या सांगू. मग वाटलं, आता सांगून यांचे पाय थोडेच परत येणारेत. खरं सांगू? तुझ्यावरच्या रागाला धरून मी उभी होते. तो सोडला असता तर समोर मी एकटीच उरले असते. म्हणून तेरा महिने ते कुलूप उघडलं, पेले मांडले, धुतले, पुन्हा लावलं. सगळ्या मंडळीच्या डोळ्यांसमोर ते लाल कुलूप लोंबत होतं, कुणालाच काही कळलं नाही. त्यातला पेला मात्र मी एकदाही तोंडाला लावला नाही. मागच्या खोलीत काहीतरी आवरायचं निमित्त काढते. त्याच संकटानं तुझ्या भावजींमधून काय काढलं आणि माझ्यामधून काय काढलं, बघ.

काल दुपारी जाऊन कुलूप काढून आणलं आणि त्यांच्या छातीवर ठेवलं. त्यांनी अंगठ्यानं पुसून नंबर वाचला, दोनदा उघडझाप करून पाहिली. कधीपासून, विचारलं. मी सगळं सांगितलं. गजर झाला तरी त्यांनी मला हात लावू दिला नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. संध्याकाळी प्रार्थनेची वेळ झाली. मला वाटलं, आज नाहीच करणार. पण त्यांनी हात जोडले. प्रभो, आम्हाला क्षमा कर, म्हणाले. रोजचं धाकट्याला होतं, काल आम्हाला झालं. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या तोंडून आमेन निघेना. मग म्हणाले, रविवारच्या आधी त्याला लिही. त्याला सर्वांत आधी कळलं पाहिजे.

म्हणून हे पत्र. रविवारी मी साक्ष द्यायला उभी राहणार आहे, कुलूप हातात घेऊन. तू खरं बोललास आणि मी गप्प बसले, एवढंच सांगायचंय. सोमवारी ते कुलूप साहेबांच्या टेबलावर ठेवून लेखी देईन. त्याची किल्ली या पाकिटात घातली आहे, तिच्यावरही सतरा आहे, बघ. आयत्या वेळी माझा धीर सुटला, तर ती घेऊन तू ये आणि तूच सांग. क्षमा मागत नाही, कशी मागायची ते अजून येत नाही मला. आलास तर दार उघडं आहे. तुझे भावजी खिडकीतून रस्ता बघतात, तू दिसलास की मला आधी हाक मारतील. आणि आला नाहीस तरी आजपासून लिफ्टनं वर जा रे. तुझ्या हातून काही चुकलं नव्हतं.

अजून म्हणू देशील तर, तुझीच

ताई