घोट्यावरची जखम

सोलापूर,
४ फेब्रुवारी २०२४

ती. मनकर्णाआक्कास त्रिंबकचा सविनय जय भीम. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहितोय. उजव्या घोट्यावरची जखम वर्ष झालं तरी भरत नाही. मलमं झाली, हळद झाली. चिंचोळीच्या कारखान्यात दिवसभर मशीनपुढं उभं राहायचं. घरी येईतो मोजा ओला. वास येतो, म्हणून तुझ्या उत्कर्षाच्या बाळाच्या नामकरणाला आलो नाही. शेजारचा बसवराज म्हणाला की, असा पाय शेवटी कापावाच लागतो. तुझी भावजय चैताली रोज पट्टी बदलते, पण हे तिच्या कानावर घातलेलं नाही.

माया असू दे.
तुझा, त्रिंबक

* * *

उजनीकाठ,
१२ फेब्रुवारी

चि. त्रिंबकास आक्काचा जय भीम व आशीर्वाद.

पत्र वाचून आधी लई राग आला, मग रडू आलं. हितं अंगणात रोज मासळी निवडत्यात, तुझ्या पायाचा वास कुणाला येणार व्हता? आन बसवराज काय डॉक्टर हाय? उत्कर्षा म्हणाली की, तिच्या सासूची जखम अशीच व्हती, शिरंवर लेसर केल्यावर भरली. मामाला शिरांच्या डॉक्टरकडं धाडा म्हणाली. गेला न्हाईस तर मीच येऊन धरून नेते. चैतालीला समदं सांग. एकट्यानं भ्यायचं न्हाय.

तुझी, आक्का

* * *

सोलापूर,
५ मे

ती. आक्कास सविनय जय भीम.

चैतालीला सांगितलं. लपवलं म्हणून तिनं खडसावलं आणि दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी उभं करून सोनोग्राफी केली. म्हणाले की, शिरेतल्या झडपा निकामी झाल्यात. वर जायचं रक्त खाली उतरून घोट्याशी साचतं, मग जखम भरेल कशी? ती शीर आतून लेसरनं बंद करायची. मी विचारलं की, मग रक्त जाणार कुठून? तर आतल्या मोठ्या शिरा चांगल्या आहेत, त्या वाहून नेतील म्हणाले. कापणार नाही ना, हे मी पुन्हा पुन्हा विचारलं. ते हसले.

लेसरच्या दिवशी बधिर करायच्या सुया तेवढ्या टोचल्या. संध्याकाळी चालत घरी आलो. मग आवळून पट्ट्या बांधत गेले, जखम लहान होत गेली. काल चैतालीनं पट्टी सोडली, तर ती कोरडी होती. गुलाबी कातडं आलंय, आक्का. आता घट्ट मोजे घालायचे. कारखान्यात स्टूलही मिळालंय.

लोभ वाढू दे.
त्रिंबक

* * *

उजनीकाठ,
१४ मे

चि. त्रिंबकास आशीर्वाद.

पत्र घरात समद्यांना वाचून दाखवलं. आता तू रागवू नगंस. माझ्या डाव्या पोटरीवर निळ्या शिरांच्या गाठी हायेत, घोट्यापाशी कातडं काळं पडलंय, खाज येती. लुगडं खाली ओढून हिंडत व्हते. तुझं वाचून उत्कर्षाला पाय दाखवला. ती मला लई बोलली, मी तुला बोलले त्यापरीस जास्त.

सोमवारच्या गाडीनं येते. डॉक्टरशी तूच बोल. स्टँडवर घ्यायला ये, पण उभा राहू नगंस. बसून वाट बघ.

तुझी, आक्का